हवाली केलेला मासा

घराला कुलूप लावून प्रवासाला निघालेल्या माणसाचे मन बराच वेळ घरातच रेंगाळत असते. गॅसचा रेग्युलेटर बंद केला का, मागच्या दाराची कडी घातली का, पाण्याची मोटर चालू तर राहिली नाही ना, अशी उजळणी रिक्षा स्टेशनवर पोहोचेपर्यंत चालते. गाडीने वसईची खाडी ओलांडली की मात्र मन सैल होते. मागे राहिलेल्या वस्तू निर्जीव असतात. कपाटाला भूक लागत नाही आणि भिंतीवरचे घड्याळ बंद पडले, तरी परत आल्यावर ते पुन्हा लावता येते. परंतु ज्या घरात एखादा जीव मागे राहिलेला असतो, त्या घराचे कुलूप पुरतेपणी कधीच लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

हा जीव कुत्रा वा मांजर असता, तर कदाचित हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. कुत्रा भुंकून शेजाऱ्याला जागे करतो. मांजर चार घरी हिंडून पोट भरते. आमच्या घरातील जीव म्हणजे मासे, आणि तेही खाऱ्या पाण्यातले. त्यांना आवाज नाही, आणि काचेच्या चार भिंतींपलीकडे त्यांना जाण्यासारखी जागाही नाही. त्यांच्यापायी एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. जो जीव सर्वस्वी आपल्यावर अवलंबून आहे, त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवून आपण दूर गेलो, तर त्याची जबाबदारी कोणाची? सोपवणाऱ्याची, की ज्याने ती स्वीकारली त्याची? प्रश्न लहानशा माशांचा आहे. परंतु तो तेवढ्यावरच थांबत नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईलच.

आमच्या धाकट्या चिरंजीवांनी २०२० सालची टाळेबंदी सैल झाल्यावर दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी आणून बसविली. तिच्यात सुमारे अडीचशे लिटर पाणी मावते. दोन क्लाउनफिश, दोन निळे डॅमसेल, वाळूत बसून राहणारा एक गोबी, एक तांबडी-पांढरी कोळंबी आणि शंखात राहणारे काही खेकडे, एवढा तिचा संसार. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउनफिशला २००३ सालच्या एका चित्रपटामुळे आपल्याकडची मुलेही ‘निमो’ म्हणून ओळखतात. चिरंजीव २०२२ साली नोकरीनिमित्त कॅनडाला गेले आणि टाकी आमच्या वाट्याला आली. म्हणजे मुळात आम्हीही मालक नव्हेत. दूर गेलेल्या मालकाने मागे ठेवलेले आम्ही पहिले राखणदार.

आमच्या लहानपणी शाळेची सहल मुंबईला गेली की मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिल्याशिवाय परतत नसे. १९५१ साली सुरू झालेल्या त्या वास्तूत काचेमागचे रंगीत मासे पाहताना, यांना रात्री कोण पाहत असेल, हा प्रश्न आमच्या बालबुद्धीला कधी पडला नाही. टाकी घरात आल्यावर तो पडला. समुद्र स्वतःची काळजी स्वतः घेतो. त्याचे पाणी इतके अफाट आहे, की एक मासा मेला काय आणि एक दिवस कडक ऊन पडले काय, त्याला फरक पडत नाही. अडीचशे लिटरच्या समुद्राला मात्र प्रत्येक गोष्टीचा फरक पडतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वसईच्या मे महिन्यात टाकीतून दररोज दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन जाते. वाफ जाते, मीठ मागे राहते. बारा दिवस कोणी पाणी घातले नाही, तर तीस लिटर पाणी कमी होईल आणि ३५ चा आकडा ४० च्या घरात जाईल. म्हणून जेवढे पाणी उडाले तेवढे गाळलेले गोडे पाणी रोज घालावे लागते. येथे पुष्कळ जण फसतात. समुद्राचे मासे म्हणून कोणी प्रेमाने खारे पाणी घालतो, आणि खारटपणा आणखीच वाढतो.

दुसरी गोष्ट अन्नाची. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. दगडांच्या आणि वाळूच्या छिद्रांत राहणारे सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे त्याहून पुष्कळ सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही अदृश्य मंडळी स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना पेलवेल एवढेच अन्न टाकीत पडले पाहिजे. न खाल्लेला कण कुजतो आणि त्याचाही अमोनियाच होतो. मासे मात्र माणूस दिसला की काचेपाशी गर्दी करतात, तोंडे उघडतात-मिटतात. पाहणाऱ्याला ते उपाशी वाटतात आणि त्याचा हात डब्याकडे जातो. धडधाकट मासा काही दिवस अन्नावाचून सहज राहतो. अन्न अधिक झाले तर मात्र मरतो. ‘अति तिथे माती’ ही म्हण पाण्यालाही लागू आहे. मालक बाहेरगावी असताना मेलेल्या कित्येक माशांना उपेक्षेने नव्हे, तर राखणदाराच्या मायेने मारलेले असते.

आता त्या प्रसंगाकडे वळू. २०२३ सालच्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी वेलंकनीची यात्रा ठरविली. नवस पुष्कळ दिवसांचा होता. वाटेत दोन-तीन ठिकाणी आप्तांकडे मुक्काम धरून बारा दिवस लागणार होते. टाकी कोणाकडे सोपवावी, याचा फार विचार करावा लागला नाही. खालच्या मजल्यावर राहणारे नाना आम्हाला वडीलबंधूसारखे. वयाची सत्तरी ओलांडलेले. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जन्मले, पन्नास वर्षे होडीवर घालवली आणि गुडघे थकल्यावर मुलाकडे राहायला आले. ज्यांनी आयुष्यभर मासे धरले, त्यांनाच पाच मासे राखायला द्यावेत, यातला विनोद आमच्या सौभाग्यवतींनी बोलून दाखविला. नाना हसले आणि त्यांनी किल्ली घेतली.

आम्ही शिक्षकी पेशातले. सूचना लिहून देण्याची सवय जुनी. दोन फुलस्केप पाने भरून आम्ही सूचना लिहिल्या. क्षारांचे प्रमाण, तापमापकाचा आकडा, पंख्याची वेळ, दिव्याची वेळ, अन्नाचे माप, काच पुसण्याचे फडके कुठले आणि कुठले नव्हे, असे एकूण तेवीस मुद्दे झाले. नानांनी पाने घडी करून खिशात ठेवली. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा ते रविवारी मिस्साला जाताना तेवढा लावतात, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या क्षणी आठवले नाही. पाने लिहून झाली, म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे समाधान आम्हाला वाटले होते.

प्रवासात आम्ही रोज संध्याकाळी नानांना फोन करीत असू. “नाना, पाणी घातले का? पंखा चालू आहे ना? मासे कसे आहेत?” नाना म्हणत, “सगळे बरे आहेत, सर. तुम्ही निश्चिंत राहा.” आणि आम्ही निश्चिंत राहत होतो. दूर बसून हुकूम सोडण्याला आपल्याकडे ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ म्हणतात. मोबाइल फोनने तो उंट फार उंच केला आहे. कॅनडाहून चिरंजीवांचा फोन येई, तेव्हा तेही आरंभी टाकीचीच चौकशी करीत, आणि आईवडिलांची प्रकृती संभाषणाच्या शेवटी येई. आम्हाला त्याचे थोडे वाईट वाटे. आम्ही नानांशी नेमके तसेच वागत आहोत, हे मात्र लक्षात आले नाही.

बाराव्या दिवशी आम्ही परतलो. आमची चाहूल लागताच नाना जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहिले. त्यांच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी होती. बरणीत मीठ आणि मिठात मोठा क्लाउनफिश. “सर, तुमचा एक मासा मला राखता आला नाही,” ते म्हणाले. “परवा पहाटे गेला. तुम्ही यात्रेत होता, म्हणून फोनवर बोललो नाही. तुम्हाला दाखवावा म्हणून ठेवला आहे.”

हकिगत त्यांच्या सुनेकडून कळली. मेच्या अखेरचा वळीव कोसळला आणि रात्री अकराच्या सुमारास वीज गेली. टाकीतला हवेचा पंप थांबला, पाणी फिरवणारा गाळप पंप थांबला, पाणी गार ठेवणारा पंखाही थांबला. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो, आणि पाणी तापले की आणखी कमी होतो. नानांना हे आकडे ठाऊक नव्हते. पाण्याला वारा लागला नाही तर मासा गुदमरतो, एवढे त्यांना होडीवर कळले होते. बॅटरीच्या उजेडात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना त्यांनी पाहिले. स्वयंपाकघरातला तांब्या घेतला, टाकीतले पाणी भरले आणि हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडले. पुन्हा भरले, पुन्हा सोडले. असे ते पहाटे सहापर्यंत, वीज येईपर्यंत करीत राहिले. मध्ये दोन तास सुनेने हात दिला. दुखऱ्या गुडघ्यांनी उभे राहवेना, तेव्हा स्टुलावर बसून त्यांनी तांब्या चालविला. पहाटे अर्धा तास त्यांचा डोळा लागला. वीज आली, पंप सुरू झाले आणि तासाभरात मोठा मासा आडवा झाला. डोळा लागला म्हणूनच तो मेला, अशी त्यांची खात्री झाली होती.

आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “जाऊ द्या हो नाना, मासाच तर होता. मनाला लावून घेऊ नका.” नाना काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “समुद्रातला मासा समुद्राचा असतो, सर. तो किती धरले, ते मोजले नाही. हा माझ्या हवाली केलेला होता.” आणि ते जिना उतरून गेले.

त्या रात्री आम्ही चिरंजीवांना फोनवर सर्व सांगितले. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग काही काळ ते बोललेच नाहीत. आमच्या टाकीला बंद डब्याचा गाळप पंप आहे. त्यातले जिवाणू वाहत्या पाण्यातल्या प्राणवायूवर जगतात. वीज काही तास गेली, की डब्यात कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात, साचलेला गाळ सडतो. वीज आल्यावर पंप आपोआप सुरू झाला, तर ते विषारी पाणी एकदम टाकीत उतरते. म्हणून दीर्घ काळ वीज गेल्यास त्या पंपाची पिन काढून ठेवावी आणि डबा धुतल्यावाचून तो चालू करू नये, हा अशा टाक्यांचा प्राथमिक नियम. चिरंजीवांनी जाताना तो आम्हाला सांगितला होता. आमच्या तेवीस मुद्द्यांत तो नव्हता. काच पुसण्याच्या फडक्याचा मुद्दा होता.

म्हणजे नानांनी रात्रभर तांब्या चालवून जगवलेला मासा आमच्या विसराळूपणाने सकाळी मेला, असाच संभव अधिक होता. आणि आम्ही नानांना क्षमा केली होती! वाचकहो, क्षमा करण्यात एक धोका असतो. क्षमा करणारा आपोआप वरच्या पायरीवर उभा राहतो. ज्याने अपराधच केला नाही त्याला आपण उदार मनाने क्षमा करून टाकली, तर तो अपराध कायमचा त्याच्या नावावर चढतो, आणि आपण मात्र मोठ्या मनाचे ठरतो. ‘मासाच तर होता’ या शब्दांनी आम्ही आणखी एक अन्याय केला होता. ज्या गोष्टीसाठी त्या वृद्ध गृहस्थांनी रात्र जागवली, ती गोष्टच आम्ही क्षुल्लक ठरविली होती.

शेजाऱ्याकडे राखायला दिलेल्या जनावराचा प्रश्न फार पुरातन आहे. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात त्याचा कायदाच सांगितला आहे. राखायला दिलेले जनावर कोणी पाहत नसताना मेले किंवा जायबंदी झाले, तर राखणदाराने परमेश्वरासमोर शपथ घ्यावी आणि मालकाने ती मान्य करावी. भरपाई मागू नये. ते चोरीला गेले, तर राखणदाराने भरपाई द्यावी. श्वापदाने फाडले, तर उरलेला भाग पुरावा म्हणून आणून दाखवावा. मग भरपाई नाही. नानांनी बरणीत मीठ घालून मासा का ठेवला, हे तो अध्याय पुन्हा वाचताना आम्हाला उमगले. त्यांनी तो वाचून केले, असे नव्हे. प्रामाणिक माणसाचा हात आपोआप तिकडे वळतो. परंतु त्या कायद्यात मुख्यतः राखणदार मालकाचे काय देणे लागतो, याची मोजदाद आहे. मालक राखणदाराचे काय देणे लागतो, हे बहुधा आपल्या विवेकावर सोपविलेले असावे.

या देण्याचा विचार करताना आम्हाला एका इंग्रज स्त्रीची हकिगत आठवते. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवण्याची कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले, आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या ग्रंथामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. परंतु त्याआधीच, १८४६ साली, अ‍ॅना थिन या धर्मोपदेशकाच्या पत्नीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणून घरात जगविले होते. समुद्राचे ताजे पाणी पुरेसे मिळेना, तेव्हा जुन्याच पाण्याला हवा देण्यासाठी ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतण्याची युक्ती त्यांनी काढली. रोज अर्धा ते पाऊण तास हे चाले. ओतण्याचे काम करी त्यांच्या घरची एक लहानशी मोलकरीण. काम दमविणारे आहे, हे बाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले; परंतु त्या मुलीला त्याची गंमत वाटे, असेही लिहिले. अ‍ॅना थिन यांचे नाव या विषयाच्या इतिहासात राहिले. त्या मुलीचे नाव त्यांनी लिहिले नाही. तिला खरोखरच गंमत वाटत होती का, हे तिला कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. पावणेदोनशे वर्षांनंतर आमच्या दिवाणखान्यात तेच काम नानांनी केले, आणि आम्हीही त्यांच्या गुडघ्यांची विचारपूस केली नव्हती.

आमचे एक मित्र हे सर्व ऐकून म्हणाले, “एवढा व्याप हवा कशाला? समुद्र दहा मिनिटांवर आहे. सोडून या.” सल्ला सोपा वाटतो. परंतु आमच्या गढूळ किनाऱ्यावर प्रवाळांच्या खडकांत राहणारा मासा सोडणे, म्हणजे त्याला मुक्त करणे नव्हे; तो फार तर आपल्या डोळ्यांआड मरेल. शिवाय टाकीतले रोग समुद्रात जाण्याची भीती असते. मुळात टाकी ठेवावी का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. शोभेचे बहुतेक समुद्री मासे आजही प्रवाळांच्या खडकांतूनच पकडून आणले जातात. फिलिपाइन्सच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकापासून सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याची क्रूर रीत चालत आली, आणि तिने माशांबरोबर प्रवाळांचाही नाश केला. आपल्या देशात २००१ सालापासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते घरात बाळगणे गुन्हा आहे. क्लाउनफिशची मात्र पैदास करता येते, आणि केंद्रीय समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्थेने त्याचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे. ज्याला टाकी ठेवायची आहे, त्याने निदान एवढे तपासून मग ठेवावी. पण एकदा ठेवल्यावर ‘हवी होती का’ हा प्रश्न मागे पडतो. आपण त्या जिवाला त्याच्या समुद्रापासून तोडले आणि आपल्यावर अवलंबून केले. त्या क्षणी आपण एक वचन दिले, आणि त्या वचनाला सुट्टी नाही.

याचा अर्थ माणसाने घराबाहेर पडूच नये असा नाही. यात्रा घडाव्यात, लग्नकार्यांना जावे, आजाऱ्याच्या उशाशीही जावे. दुसऱ्यावर विसंबणे हे मनुष्याच्या जीवनाचे लक्षणच आहे. मात्र आमच्या मते, दूर जाणारा मनुष्य दुसऱ्याच्या हाती काम सोपवू शकतो, जबाबदारी सोपवू शकत नाही. राखणदाराने सद्भावनेने केलेल्या कामात जे उणे पडेल, ते मालकाच्या खात्यावर मांडले गेले पाहिजे. त्याला नीट सांगितले होते का? हाताशी साधन दिले होते का? न जमल्यास काय करावे, याची मोकळीक दिली होती का? या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी मालकाला रागावण्याचा अधिकार नाही, आणि क्षमा करण्याचाही नाही. आपल्या कित्येक घरांत आज वृद्ध आईवडील मागे आहेत आणि मुले आखातात वा त्याही पलीकडे. त्यांच्या उशाशी रात्र काढणारी एखादी बाई, औषध आणून देणारा एखादा शेजारी असतो. दूरदेशीच्या फोनवर त्यांच्या वाट्याला बहुधा सूचनाच येतात. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमची स्वतःची दोन पाने आमच्यासमोर आहेत.

नानांकडे जाऊन खरे काय ते सांगायला आम्हाला तीन दिवस लागले. चूक कबूल करण्यापेक्षा क्षमा करणे किती सोपे असते, हे त्या तीन दिवसांत कळले. चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही खाली गेलो आणि पंपाची सारी हकिगत सांगितली. “तुमचा डोळा लागला म्हणून मासा गेला नाही, नाना. आम्ही सांगायचे ते सांगितले नाही, म्हणून गेला. तुम्ही होता म्हणून बाकीचे चार राहिले.” नानांनी पंप कसा असतो, पिन कुठली, हे बारकाईने विचारून घेतले. मग म्हणाले, “मग बरे झाले, सर. चार रात्री झोप नव्हती.” आमच्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते, तर आम्हाला थोडे हलके वाटले असते.

तेव्हापासून आमच्या घरी काही बदल झाले आहेत. वीज जाताच बॅटरीवर सुरू होणारा हवेचा पंप टाकीला जोडला आहे. त्याची किंमत आमच्या यात्रेच्या एका दिवसाच्या खर्चाहून अधिक नव्हती. औषधाच्या गोळ्या ठेवण्याची सात खणांची डबी मिळते, तशा दोन डब्यांत एकेका दिवसाचे अन्न मोजून ठेवतो आणि मोठा डबा कपाटात बंद करतो, म्हणजे मायेच्या हातालाही मर्यादा पडते. रोज घालायच्या गोड्या पाण्याच्या बाटल्या भरून, त्यांच्यावर तारखा घालून ओळीने मांडतो. गाळप पंपाच्या पिनेला तांबडी चिंधी बांधली आहे. सूचना आता तीनच आहेत, त्याही मोठ्या अक्षरांत. निघण्याआधी दोन दिवस नाना आमच्या देखत सर्व करतात आणि आम्ही नुसते पाहतो. फोन करतो, तेव्हा पहिला प्रश्न गुडघ्यांचा असतो. प्रारंभी ते थोडे कृत्रिम वाटले. आता सवय झाली आहे.

पैसे मात्र नानांनी कधीच घेतले नाहीत. त्याची फेड कशी करावी, या विचारात आम्ही होतो. गेल्या डिसेंबरात ते लेकीकडे नाताळाला गेले, आणि जाताना त्यांनी आपल्या खुराड्याची किल्ली आमच्या हातात ठेवली. “सहा कोंबड्या आहेत, सर. संध्याकाळी मोजून आत घ्यायच्या,” एवढीच सूचना. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मोजल्या, तर पाच भरल्या. आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती बॅटरी घेऊन वाडीभर हिंडलो. अंधार पडला. घशाला कोरड पडली. मुंगुसाने नेली असेल, तर नानांना काय दाखवायचे, हा विचार मनात आला आणि ती लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर उभी राहिली. अखेर विहिरीमागच्या लाकडांच्या ढिगाआड ती कोंबडी स्वस्थ बसलेली सापडली. तिला उराशी धरून खुराड्यात सोडतो न सोडतो, तोच खिशातला फोन वाजला. नानांचा होता. आम्ही घाईघाईने सांगू लागलो, “सहाही आत आहेत, नाना.” त्यांनी ते ऐकून घेतले की नाही, कोण जाणे.

“ते असू दे, सर,” ते म्हणाले. “तुमचे जेवण झाले का?”